उलट्या बाजूचा माणिकगड

गडचांदूरच्या पोरांना निसर्गचित्र काढायला सांगितलं की ती नारळाची झाडं काढतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणं घेत येणारी नदी, नदीत होडी, काठावर कौलारू घर आणि घरावर कललेला माड. वर्गाच्या खिडकीतून माणिकगडची रांग दिसते. तिचा माथा सपाट आहे, पट्टी लावून कापल्यासारखा. होडी यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली नाही आणि माड म्हणाल तर कॉलनीतल्या एखाद्या क्वार्टरपुढे कुणी हौसेने लावलेला. तरी एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारं पोरगं माडच काढतं, कारण परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकात माड असतो.

मी मूळचा मालवणकडचा. त्या हिशेबाने हे चित्र पाहून मला घरी आल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पोरांना हसावं असाही माझा अधिकार नव्हता. मी स्वतः इथे येऊन बरीच वर्षं धातूच्या पत्र्यावर माणिकगड कोरत होतो आणि तो दरवेळी कोकणातला डोंगर होऊन बाहेर पडत होता.

मुंबईत जे.जे.ला शिकताना मला छापचित्रणाची गोडी लागली, त्यातही एचिंगची. पत्र्याला मेणाचा थर द्यायचा, सुईने थर खरवडून रेघ उघडी करायची आणि पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. रेघ तुम्ही नुसती दाखवता, खोल करतं ते अ‍ॅसिड. मग त्या खाचेत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओल्या कागदावर दाबून छाप उमटवायचा. या विद्येवर पोट भरत नाही हे मास्तरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. चित्रकला शिक्षकाची जागा निघाली ती गडचांदूरला. नकाशात शोधलं तर चंद्रपूरच्याही पलीकडे, राजुऱ्याहून कोरपन्याकडे आणि पुढे आदिलाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घरच्यांना वाटलं, दोन वर्षांत बदली करून घेईल. बदली मी मागितली नाही. का मागितली नाही याचं उत्तर घरी कधी नीट देता आलं नाही.

हा मुलूख मुळातच आलेल्यांचा आहे. राजुरा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो नांदेडला जोडला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. म्हणजे माणसं जागची हलली नाहीत तरी त्यांचा जिल्हा बदलत राहिला. वर डोंगरात गोंड आणि कोलाम आधीपासूनचे. मराठवाड्यातून दुष्काळाने उठलेली कुटुंबं जिवतीच्या पठारावर जाऊन वसली. पुढे चुनखडकासाठी सिमेंटचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर बिहारपासून आंध्रापर्यंतची माणसं. माझ्या वर्गात हजेरी घेताना चार-पाच भाषांतली आडनावं येतात. त्यांत एका मालवणी मास्तराची भर पडली तर कुणाला काय त्याचं?

कोकणात दूरचं ते दूरचंच दिसतं. हवेत पाणी असतं, त्यामुळे पहिला डोंगर हिरवा, त्यामागचा निळा, त्यामागचा राखाडी, आणि शेवटचा आहे की नाही अशी शंका यावी इतका फिका. एचिंगमध्ये हे साधायची ठरलेली रीत आहे. लांबच्या रेघांना अ‍ॅसिडमध्ये थोडा वेळ ठेवायचं, मग त्यांच्यावर वॉर्निश फिरवून त्या बंद करायच्या आणि जवळच्या रेघा आणखी खाऊ द्यायच्या. लांबचं बारीक, जवळचं जाड. हात त्या रीतीला सरावलेला होता. गडचांदूरला डिसेंबरातल्या सकाळी माणिकगडच्या कड्याची धार आणि माझ्या पुढ्यातली तुरीची काडी एकाच तीव्रतेने दिसतात. लांब-जवळ हा भेद रेघेच्या जाडीत नसतोच. आणि मे महिन्यात दुपारी तर जवळचंही उडून जातं. पारा ४६-४७ वर गेलेला असतो, डोळ्यांपुढे पांढरं. सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा होऊन पडलेली, तेवढीच काळी. काळ्या रेघेवर जगणाऱ्या माणसाने या उजेडाचं काय करायचं? मी पहिली काही वर्षं पाऊस पडून डोंगर हिरवे होण्याची वाट पाहत असे, आणि आषाढात कोकणाची उसनी हवा मिळाली की भराभर कोरून घेत असे. पाहुण्यांना ती चित्रं आवडत. गावातल्या माणसांना ती कुठली आहेत ते सांगावं लागे.

साधनांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण गावाने मला आधी ओळखलं ते साधनांमुळे. एचिंगला प्रेस लागतो. दोन जड रोलर, मधून सरकणारी लोखंडी पाटी, वर दाब कमी-जास्त करायचे स्क्रू आणि फिरवायला चाक. विकत घ्यायची ऐपत नव्हती. वर्कशॉपवाल्या एका फिटरला मी कागदावर आकृती काढून दिली आणि कन्व्हेयरचे बाद झालेले रोलर चालतील का विचारलं. तो म्हणाला, ‘‘सर, थे पोकळ रायते. दाबले का पिचकते. तुमाले सॉलिड शाफ्ट पाह्यजे.’’ भंगारातून शाफ्ट शोधून त्याने लेथवर फिरवून दिला. पाटी बारा एमएमच्या माइल्ड स्टीलची. रोलरखाली घालायला जाड लोकरी फेल्ट लागतं. ते चंद्रपूरच्या भंगार बाजारात मिळालं. कागद गिरणीच्या यंत्रावर चालून बाद झालेलं होतं, पण माझ्या कामाला नव्यासारखंच. प्रेस टेम्पोतून घरी आला तेव्हा गल्लीतल्या पोरांनी ठरवूनच टाकलं की सर रसवंती टाकणार. त्यांचं चुकलं नाही. दोन रोलर, मधून घालायचं आणि चाक फिरवायचं. फक्त रस निघत नाही, एवढाच फरक. उन्हाळ्यात एक माणूस खरोखर ऊस घेऊन आला होता.

अ‍ॅसिडचं तसंच. शिकताना जस्तावर नायट्रिक वापरायचो. इथे एक खिडकीची खोली. तिच्यात नायट्रिकचा धूर कोंडला की खोकून जीव जायचा. त्यातही इथली गंमत अशी की वापरून झालेलं अ‍ॅसिड टाकायची चिंता नव्हती. बादलीत चुनखडकाचे तुकडे टाकायचे. मोठ्याने फसफसतं, फेस वर येतो, आणि तुकडे विरघळायचे थांबले की समजायचं, अ‍ॅसिड मेलं. पोरांना हा कार्यक्रम फार प्रिय. ज्या दगडासाठी डोंगर पोखरला जातोय तो दगड माझ्या बादलीत विरताना त्यांनी पाहिला आहे. रसायनाच्या तासाला हे त्यांना विचारलं जात नाही, ही आपल्या शिक्षणाची तऱ्हा.

पुढे नायट्रिक सोडलं. मोरचूद आणि मीठ पाण्यात विरघळवलं की जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खाल्ले जातात, आणि विषारी धूर होत नाही. मोरचूद कृषी केंद्रात मिळतं. चुन्यात मिसळून त्याचं बोर्डो मिश्रण करतात, संत्र्याच्या बागांवर मारायला. दुकानदाराने पहिल्यांदा विचारलं, बाग कुठे घेतली? अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लग्नपत्रिका छापणाऱ्या ऑफसेट प्रेसमधून येतात. त्यांच्या एका बाजूला कुणाचं तरी शुभमंगल असतं, मागची बाजू कोरी. मोरचुदात पत्रा सोडला की रेघांतून बारीक बुडबुडे उठतात आणि लालसर गाळ साचायला लागतो. तो तांब्याचा. पिसाने हलकेच झाडत राहावं लागतं, नाहीतर गाळाखाली रेघ अर्धवट राहते. पीस मोराचं नको, कोंबडीचंच बरं, कडक असतं.

एवढं जमलं तरी आकाश जमत नव्हतं. पत्रा तापवून त्यावर मेण, राळ आणि डांबराचा थर पसरायचा, मग मेणबत्तीवर धरून काजळी चढवायची, म्हणजे उघडी रेघ चकाकून दिसते. थर काचेसारखा एकसंध व्हायला हवा. इथे तो निवेपर्यंत त्यावर धूळ बसते. धूळ रस्त्याची असते, ट्रकांची असते, कापसाच्या मोकळ्या झालेल्या वावरांची असते, आणि जी पांढुरकी, चिकट, पाणी लागलं की घट्ट होणारी असते ती कसली ते इथल्या कुणाला सांगायला नको. एकेका कणाशी थराला टाचणीएवढं भोक पडतं, त्यातून मोरचूद आत शिरतं, आणि छापाच्या स्वच्छ आकाशात बारीक काळे ठिपके उमटतात. शिक्षणात याला दोष म्हणतात. मी खिडकीला ओलं कापड लावलं, पहाटे चारला उठून थर दिला, पत्र्यावर उलटी परात झाकून ठेवली. ठिपके कमी झाले, गेले नाहीत.

एका छापाखाली बसून चहा पिताना शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘हे बरोबर काढलं तुमी. आपल्या इथलं आभाळ असंच रायते.’’ त्यांनी हे टीका म्हणून म्हटलं नाही, कौतुक म्हणूनही नाही. वाळत घातलेले कपडे ज्याला झटकून घ्यावे लागतात त्या माणसाची ती साधी नोंद होती. त्यानंतर मी परात झाकायचं सोडून दिलं. आकाशात मी हाताने काही कोरत नाही. पत्रा ओसरीवर ठेवतो, वाऱ्याला जे द्यायचं ते देऊ देतो आणि मग मोरचुदात सोडतो. पावसाळ्यातल्या पत्र्याचं आकाश जवळपास कोरं येतं आणि एप्रिलमधलं गच्च. हवामानाची ही नोंद कुठल्या यंत्राइतकी अचूक नाही. पण गडचांदूरची आहे, मालवणची नाही, एवढं नक्की.

आणि उन्हाळ्याच्या पांढऱ्या दुपारचं उत्तरही तिथेच होतं. तिथे काही कोरायचंच नाही. कागद सोडून द्यायचा. चार बुंधे, त्यांच्या बुडाशी सावलीची काळी गोळी, लांब सिमेंटचा एक बल्कर चाललेला. बाकी पत्रा साफ पुसून छापायचा. मुंबईतल्या एका मित्राला हे चित्र अपुरं वाटलं. इथल्या माणसाला ते बघून घाम येतो.

बाहेरून येऊन आपला मुलूख कोरणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यात माझ्या मनात सर्वांत जास्त घर केलं आहे ते जेम्स वेल्सने. स्कॉटलंडच्या पूर्व टोकाला पीटरहेड नावाचं मासेमारीचं बंदर आहे. समुद्र ओलांडला की पलीकडे नॉर्वे. तिथला हा माणूस १७९१ मध्ये मुंबईत उतरला. पुण्याला सर चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा वकील म्हणून पेशव्यांच्या दरबारी होता. त्याच्या आश्रयाने वेल्स पुण्यात गेला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची त्याने काढलेली तैलचित्रं आपण पाठ्यपुस्तकांतून पाहिलेली असतात, चित्रकाराचं नाव तेवढं वाचलेलं नसतं. मला रस आहे तो त्याने मुंबई बेटाच्या आणि परिसराच्या केलेल्या बारा देखाव्यांत. चित्रं त्याचीच आणि तांब्यावरचं कामही त्याचंच. मलबार टेकडीवरून, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारी मुंबई: ताडाची झाडं, खाजण, लांबवर शिडं आणि भलंमोठं आकाश. वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढायचं कामही त्याने हाती घेतलं होतं. १७९५ मध्ये साष्टीत आजारी पडून तो वारला. मुंबईचे देखावे लंडनला पुस्तकरूपाने निघाले १८०० मध्ये, आणि वेरूळची चित्रं थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्हींपैकी एकही त्याने पुस्तकरूपात पाहिलं नाही.

त्याच पुण्यात गंगाराम तांबट होता. तांबट आळीत भांडी ठोकणाऱ्या घराण्यातला हा मुलगा मॅलेटसाठी चित्रं काढायचा आणि वेल्सबरोबरही त्याने काम केलं. वेरूळ, कार्ल्याची लेणी, पेशव्यांचे पैलवान, त्यांचा गेंडा, हे सगळं त्याने कागदावर उतरवलं. आज ती चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मला या दोघांची जोडी विलक्षण वाटते. एकाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तांब्याचा पत्रा ठोकला जात होता, दुसऱ्याचा धंदा तांब्याच्या पत्र्यावर ओरखडे काढण्याचा. वेल्सच्या देखाव्यात माणसं असतात ती मुंगीएवढी, जागेचा आवाका कळावा म्हणून उभी केलेली. गंगारामच्या चित्रातला पैलवान मात्र कागद भरून उभा आहे. त्याच्या मांडीचा पट्टा कसा बांधला आहे तेही त्याला ठाऊक आहे. लांबून आलेल्याला आधी देखावा दिसतो. घरच्याला आधी ओळखीचं काय आहे ते दिसतं.

याच्या उलटही असतं. योहान क्रिस्तियान डाल हा नॉर्वेतल्या बर्गनच्या कोळ्याचा मुलगा १८१८ मध्ये ड्रेस्डेनला गेला आणि १८५७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश त्याच घरात राहायचा. घर जर्मनीत केलं, पण आयुष्यभर रंगवले ते मुख्यतः नॉर्वेचे कडे, धबधबे आणि वादळात सापडलेली गलबतं. त्यासाठी तो पाच वेळा मायदेशी जाऊन चित्रांची सामग्री घेऊन आला. नॉर्वेच्या निसर्गचित्रणाचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. म्हणजे गाव सोडलेल्यानेच गावाला त्याचा चेहरा दाखवला. मी डालच्या वाटेने गेलो असतो तर गडचांदूरला बसून जन्मभर मालवणचा समुद्र कोरला असता, आणि तो विकलाही गेला असता. तसं केलं नाही त्यात कसलं तत्त्व नव्हतं. रोज सकाळी शाळेत जाताना माणिकगड समोर येतो, समुद्र येत नाही.

आता उलटेपणाचं. पत्र्यावर जे उजवीकडे कोरलं ते कागदावर डावीकडे येतं. जुने कारागीर आरसा लावून उलटं कोरत, म्हणजे छाप सुलटा यावा. व्हिसलरने व्हेनिस कोरलं ते थेट समोर बसून, आणि आरशाची पर्वा केली नाही. त्याची सगळी व्हेनिस उलटी आहे आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. मीही तसंच करत होतो. अमलनाल्याच्या धरणाच्या भिंतीवर मांडीवर पत्रा घेऊन बसायचं आणि समोर दिसेल तसं कोरायचं. छाप आला की रांग उलटी. पण डोंगर तो डोंगर, आकार तर तोच! चंद्रपूर-नागपूरला चित्र घेणाऱ्यांनी कधी हरकत घेतली नाही.

हरकत घेतली ती शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने. भिंतीवर मी काय करतो ते तो कित्येक हिवाळे पाहत आला होता. एकदा पूर्ण झालेला छाप मी त्याला दाखवला. त्याने तो लांब धरला, मग जवळ धरला आणि म्हणाला, ‘‘थे कोणतं गाव होय?’’ मी म्हटलं, बाबाजी, हाच माणिकगड. तो हसला. ‘‘माणिकगडाच्या या अंगाले देव हाये. तुमी देव त्या अंगाले नेला.’’ मी त्याला पत्रा आणि छाप, उजवं-डावं सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, ‘‘ते तुमचं बरोबर असन. पन माह्या शेळ्या मंग पान्यात उतरतीन ना.’’

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पाहुण्याला डोंगराचा आकार पुरतो. इथल्याला त्या चित्रातून चालत जायचं असतं: या झाडाखालून, त्या नाल्यातून, वर माझं शेत, पलीकडे बहिणीचं गाव. उलट्या डोंगरात त्याची पायवाट धरणात जाते. तेव्हापासून मी आरसा वापरतो. दाढीचाच आहे, तारेने फांदीला अडकवलेला. डोंगराकडे पाठ करून आरशात बघत कोरायचं. मान दुखते, काम निम्म्या वेगाने होतं आणि थेट समोर बसून काढलेल्या रेघेतला झपाटा जातो हे मला कळतं. छापचित्रांची जाण असलेल्या एकदोघांनी तसं सांगितलंही. त्यांचं खरं आहे. तरी मी आरसा काढलेला नाही.

छाप विकताना खाली पेन्सिलीने अनुक्रम लिहायचा असतो: एकूण पंधरा काढले तर तिसऱ्यावर ३/१५. शाळेच्या गॅदरिंगला मी चित्रं लावली होती. एक पालक सगळी बघत फिरले आणि शेवटी हळूच जवळ येऊन म्हणाले, ‘‘सर, एवढं मस्त काढलं अन् पंधरापैकी तीनच मार्क?’’ कुणी दिले म्हणून ते चिडलेही होते.

दाट कामाचा पत्रा मी एकच केला आहे, आणि तो अजून संपलेला नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा एकदा कोरला की संपला. म्हणून यासाठी जाड जस्ताची प्लेट मुंबईहून मागवली. खाणीच्या अंगाची टेकडी. पहिल्यांदा कोरली तेव्हा तिचा माथा सलग होता. एका बाजूला फक्त पांढरा ओरखडा. खाण पुढे सरकत गेली. डोंगर उतरायला लागला तो पायऱ्या-पायऱ्यांनी; प्रत्येक पायरीवर डंपरचा रस्ता, दुपारी भोंगा, मग ब्लास्ट, खिडक्यांची थरथर आणि पाठोपाठ धुरळ्याचा ढग. एचिंगमध्ये केलेला पत्रा बदलता येतो. छाप काढून ठेवायचे, मग नको त्या रेघा तीन धारांच्या स्क्रेपरने खरवडून काढायच्या, बर्निशरने तो भाग घोटून गुळगुळीत करायचा आणि पुन्हा थर देऊन नवं कोरायचं. दरवेळच्या छापांच्या संचाला त्या पत्र्याची अवस्था म्हणतात. रेम्ब्रांने आपल्या क्रूसांच्या प्लेटवर असंच करत मूळ चित्रातली माणसंच्या माणसं घालवली होती.

मी टेकडीचा माथा घालवतो आहे. सोपं नाही ते. कोरलेली रेघ मोरचुदाने काही मिनिटांत खाल्लेली असते, ती पुसायला मात्र आठवडा जातो. तेवढी जागा आजूबाजूच्या जस्तापेक्षा खोल होते, मग तिथे शाई अडकून करडा डाग येतो. तो जावा म्हणून भोवतीचंही घासत न्यायचं. त्या डागाला मी हल्ली हात लावत नाही. टेकडी होती तिथे छापात फिकट करडी सावली राहते, पायऱ्या तिच्यातून कोरलेल्या. खाणीबद्दल मला भाषण करायचं नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं तिच्या पगारावर शिकतात, आणि माझ्या घराच्या भिंतीतलं सिमेंटही आकाशातून पडलेलं नाही.

या पत्र्याच्या अवस्था मी घरात ओळीने लावल्या आणि त्यांच्यासमोर माणसं थांबायला लागली. विकत घेणारी नाहीत. खाणीच्या अंगाला ज्यांची वावरं होती, ज्यांची गुरं तिकडे जायची, ती. सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘‘पयली वाली दाखवा.’’ पहिल्या अवस्थेच्या छापावर बोट ठेवून ते एकमेकांना सांगतात: हे मोहाचं झाड, हे माह्या सासऱ्याचं वावर, इथून पान्याची वाट. मी त्या जागी झाड म्हणून नुसता रेघांचा झुपका केला होता. तो मोह होता हे मला तेव्हा कळलं. एकाने विचारलं, हे तलाठ्याकडे चालते काय? नाही चालत, असं सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘मंग नाव तरी टाका. कोनाचं होतं ते.’’

तर आता मी पहिल्या अवस्थेच्या शिल्लक छापांवर समासात पेन्सिलीने नावं लिहून देतो. ज्याला हवा त्याला त्याचा छाप. दोन घरांत एका बांधावरून मतभेद झाले, तेव्हा तिथे दोन्ही नावं लिहिली आणि दोघेही माझ्यावर नाराज झाले. छाप संपत आले आहेत. टेकडी होती तशी पुन्हा कोरायची, नव्या पत्र्यावर, जुन्या छापावरून, आणि नावं आता धातूतच घालायची असं ठरवलं आहे. नावं पत्र्यावर उलटी कोरावी लागतात. देवनागरीचा सराव मी वहीत करतो आहे. शिरोरेघ सोपी, ‘क’ आणि ‘ळ’ हाताला दगा देतात. तीन नावं तेलुगूत हवी आहेत, मला ती लिपी सुलटीसुद्धा येत नाही. नववीतली एक मुलगी उलटी लिहून द्यायला तयार झाली आहे. तिची अट एवढीच, पहिला छाप निघेल तेव्हा प्रेसचं चाक तिने फिरवायचं.